रातपाळीहून घरी आलेला माणूस

१. पोचा पडलेला तांब्या

सकाळचे साडेनऊ. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. नाना रातपाळी करून आले, आंघोळ केली, चहा-पोळी खाल्ली, खिडकीचा पडदा ओढला आणि आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात सुनेनं शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. पुढच्या क्षणी नाना दारात उभे. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या भिंतीवर आदळला, पाणी ओट्याखाली पसरलं, मिक्सर बंद झाला. दुपारभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी नानांनीच तो तांब्या उचलला, पोचा पडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि मुकाट्यानं तो फळीवर ठेवून दिला.

शेजारणीशी बोलताना नानी म्हणाल्या, "तापटच आहेत पहिल्यापासून. वडलांवर गेलेत. स्वभावाला काय औषध?"

हे नाना म्हणजे कुणी एक माणूस नाही. नाशिकरोड आणि एकलहऱ्याच्या परिसरात गेली कित्येक वर्षं जी पाळीवर जाणारी माणसं मी पाहिली, ज्यांच्या घरी चहा प्यायले, त्यांतल्या चार-पाच जणांना एकत्र करून मी नाना उभे केलेत. मानसशास्त्रावर कुठेही बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो नानींचाच : ताई, माणूस असा का वागतो? आणि त्याला जोडून दुसरा : स्वभावाला खरंच औषध नसतं का?

गंमत अशी की या प्रश्नाला मानसशास्त्राकडे एक उत्तर नाही, निदान सहा आहेत. विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिगला १८७९ साली मनाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून हा विषय विज्ञान म्हणून चालत आला. आपल्या देशात कोलकाता विद्यापीठात १९१६ साली त्याचा स्वतंत्र विभाग झाला. एवढ्या वर्षांत एक उत्तर का सापडलं नाही, असं वाटणं साहजिक आहे.

एकलहऱ्याच्या माणसाला याचं कारण चटकन समजतं. संच ट्रिप झाला, म्हणजे चालता चालता अचानक बंद पडला, की बॉयलरवाले बॉयलरकडे धावतात, टर्बाइनवाले टर्बाइनकडे, विद्युत विभागाचे जनित्राकडे आणि इन्स्ट्रुमेंटवाले आपल्या तारा-मीटरांकडे. घटना एकच असते, पण प्रत्येकाची पाहायची जागा वेगळी असते. मानसशास्त्रातल्या विचारधारांचंही तसंच आहे. फरक एवढाच, की यंत्राच्या बाबतीत बहुतेक वेळा सगळ्यांत आधी काय बिघडलं ते शोधून काढता येतं. माणसात मात्र चार गोष्टी एकदमच बिघडलेल्या असतात आणि त्या एकमेकींना बिघडवत असतात.

२. आधी शरीर

मी नेहमी शरीरापासून सुरुवात करते. पुस्तकांतून बहुधा फ्रॉइडपासून करतात. पण झोपलेला नाही, जेवलेला नाही, अशा माणसाच्या बालपणात शिरण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. तेच शरीराचं घड्याळ. झोप कधी यावी, अंग कधी तापावं, भूक कधी लागावी याची वेळ ते लावतं. डोळ्यांवर पडणारा उजेड या घड्याळाची वेळ रोज जुळवून देतो. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच संशोधक १९६२ साली दोन महिने एका अंधाऱ्या गुहेत घड्याळाशिवाय राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबानं ती २० ऑगस्ट होती. दिवसांची मोजणी चुकली, पण झोप-जागेचा फेरा मात्र साधारण एका दिवसाच्याच मापानं चालू राहिला होता. म्हणजे घड्याळ आतलंच आहे, बाहेरचा उजेड ते फक्त जुळवून देतो. पेशींच्या आत ते कसं चालतं हे फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता नानांकडे पाहा. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, त्याही फिरत्या. या आठवड्यात शरीराला सांगायचं की रात्री जागा राहा, आणि ते जरा ऐकू लागलं की पाळी बदलायची. पहाटे तीन-चारच्या सुमाराला अंगाचं तापमान सगळ्यांत खाली असतं, पापण्या जड होतात, आणि नेमकं तेव्हाच नानांना मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या मीटरवर नजर ठेवायची असते. सकाळी घरी येताना पूर्वेकडून वर आलेलं ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि घड्याळाला सांगतं, दिवस उजाडला, ऊठ. त्यावर पडदा ओढून मिळवलेली दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी असते आणि तुटकही. झोप कमी पडली की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग जास्त जोरात वाजतो, आणि त्याला "थांब, बघू दे" म्हणणारा कपाळामागचा भाग सुस्तावतो.

जीवशास्त्रीय दृष्टी म्हणतात ती ही. तिच्या मते तांब्या फेकण्यात निम्मा वाटा झोपेचा. औषध काय? खिडकीला काळा कागद, येताना डोळ्यांना गॉगल, पाळी सकाळ-दुपार-रात्र अशा पुढच्या क्रमानं फिरवणं. यातलं काहीच नानांच्या स्वभावाला हात लावत नाही.

३. ओरडणं फळाला येतं

दुसरी मंडळी म्हणतात, आत काय चाललंय ते सोडा, वागण्याकडे बघा. हे वर्तनवादी. रशियाच्या पावलोव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. अन्नाच्या आधी ठरावीक आवाज ऐकवत गेलं, की पुढे नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. नानांच्या घरी पूर्वी रात्री-अपरात्री फोन वाजला की संचात काहीतरी बिघाड झालेला असायचा. आज फोन नातवाच्या शाळेचा असला तरी नानांच्या छातीत धस्स होतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही पावलोव्हची गोष्ट मराठीनं त्याच्या आधीच सांगून ठेवली आहे.

अमेरिकेत वॉटसननं १९१३ साली जाहीर केलं की मानसशास्त्रानं फक्त दिसणाऱ्या वागण्याचा अभ्यास करावा. त्याच वाटेनं पुढे गेलेल्या स्किनरचं म्हणणं साधं होतं : ज्या वागण्याचं फळ गोड, ते वागणं पुन्हा होतं. इथे बक्षीस दोन तऱ्हांचं असतं. एक, हवी ती गोष्ट मिळणं. दुसरं, नको ती गोष्ट टळणं. हे दुसरं आपल्या लक्षातच येत नाही.

तांब्या आदळला आणि मिक्सर बंद झाला. बघा, काय झालं? ओरडण्यानं त्रास थांबला. नानांच्या मेंदूनं नोंद केली की हा उपाय चालतो. पुढच्या वेळी आवाज थोडा लवकर चढेल. आणि सुनेनं काय शिकलं? गप्प बसलं की वादळ सरतं. तिचं गप्प बसणंही तितकंच पक्कं होत गेलं. दोघं एकमेकांना रोज शिकवत आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. दुकानात हातपाय आपटणाऱ्या पोराला चॉकलेट दिलं की आईची शांतता परत येते आणि पोराचं आपटणं पक्कं होतं, ते हेच.

यावरचं औषधही वागण्यातलंच. नाना शांतपणे म्हणाले, "सूनबाई, जरा वेळानं लावतेस का?" तर मिक्सर लगेच थांबावा. ओरडले तर लगेच थांबू नये. सांगायला सोपं आहे, पण ज्या घरात पहिल्यापासून ओरडण्यालाच उत्तर मिळत आलं, तिथे शांतपणे मागितलेलं ऐकायलाही सगळ्यांना सराव करावा लागतो.

४. वड्याचं तेल वांग्यावर

आता फ्रॉइड. 'स्वप्नांचा अर्थ' हा त्यांचा ग्रंथ १९०० सालच्या तोंडावर आला आणि मनाच्या तळघराचं दार किलकिलं झालं. त्यांचं सांगणं असं की आपल्याला जाणवतं ते मन फार थोडं. खाली दडपलेल्या इच्छा, भीती आणि राग असतात, आणि ते वेष बदलून वर येतात. ज्याच्यावर राग काढता येत नाही त्याच्यावरचा राग, ज्याच्यावर काढता येतो त्याच्यावर निघतो, हा त्यांतलाच एक वेषांतराचा प्रकार. मराठीत त्याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात आणि यापेक्षा नेमकं नाव मला तरी सापडलेलं नाही. रात्री वरिष्ठ चार माणसांसमोर बोलले, नाना "हो साहेब" म्हणाले. सकाळी मिक्सर वाजला.

हा विचार आपल्याकडे लवकर पोहोचला. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला. पुढे सुधीर कक्कर यांनी भारतीय बालपणाकडे, आईच्या मोठ्या मांडीवरून एकदम बापाच्या शिस्तीत येणाऱ्या मुलाकडे, याच नजरेनं पाहिलं.

या दृष्टीची अडचण मोठी आहे. नाना चिडले तर दडपलेला राग बाहेर आला, आणि न चिडता हसले तर राग आणखी खोल दडपला. काहीही घडलं तरी जे स्पष्टीकरण बरोबरच ठरतं, ते तपासायचं कसं? म्हणून मी ते जपून वापरते. पण नानी म्हणाल्या होत्या, वडलांवर गेलेत. एकदा सहज विचारलं, वडील काय फेकायचे? बराच वेळ नाना गप्प होते. मग म्हणाले, "ताट." एवढा एक शब्द बाहेर यायला या दृष्टीचाच उपयोग झाला.

५. दिवा आणि झडप

इथे जरा थांबायला हवं, कारण या भागातली गोष्ट कंट्रोल रूममधलीच आहे.

२८ मार्च १९७९. एकलहऱ्यात २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला ते हेच वर्ष. अमेरिकेत पेनसिल्वेनियामधल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे चारच्या सुमाराला पाण्याचे पंप बंद पडले. अणुभट्टीतला दाब वाढला, तो सोडायला वरची झडप आपोआप उघडली आणि दाब उतरल्यावर तिनं मिटायला हवं होतं. ती मिटली नाही, अडकून राहिली. पण पॅनेलवरचा दिवा सांगत होता की मिटली. कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला मिटण्याचा हुकूम गेला की नाही, एवढंच तो दाखवायचा. हुकूम गेला होता. झडप उघडी होती. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त इशारे वाजत होते, आणि समोर बसलेली शिकलेली, अनुभवी माणसं दिव्यावर विश्वास ठेवून पुढचा प्रत्येक निर्णय घेत होती. भट्टीत पाणी जास्त झालं असं समजून त्यांनी आत जाणारं पाणीच कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ हे चाललं. सकाळी कामावर आलेल्या, रात्रभर त्या खोलीत न बसलेल्या एका माणसानं त्या वाटेवरची दुसरी झडप बंद करायला लावली, तेव्हा गळती थांबली. तोवर भट्टीतलं इंधन उघडं पडून त्याचं नुकसान सुरू झालं होतं.

बोधात्मक दृष्टी, म्हणजे विचारांकडे पाहणारी दृष्टी, मला या दिव्यात पूर्ण दिसते. ती म्हणते, माणूस जगाला उत्तर देत नाही, जगाविषयी त्याच्या डोक्यातल्या पॅनेलवर जे दिवे लागतात त्यांना उत्तर देतो. आणि तो दिवा काय दाखवतो, हे त्यानं क्वचितच तपासलेलं असतं.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला याच पायावर एक उपचारपद्धत उभी केली. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे आणली, मराठीतून समजावली, एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रांतून चर्चा केली. ठाण्याला १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेनंही हा विवेकनिष्ठ विचार घराघरांत पोहोचवला. मराठी वाचकाला मानसशास्त्रातलं हे दालन परकं वाटत नाही, ते या मंडळींमुळे.

त्याची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. घटना, विचार, परिणाम. आपण दोनच मोजतो : मिक्सर लागला, मी चिडलो. मधली पायरी इतक्या वेगात जाते की दिसतच नाही. नानांबरोबर कागद घेऊन बसलो तेव्हा ती पायरी हळूहळू उतरवली.

घटना : सकाळी मिक्सर लागला.
मनात आलेला पहिला विचार : मी झोपलोय हे हिला माहीत आहे.
दुसरा : तरी लावला, म्हणजे माझी पर्वा नाही.
तिसरा : रात्रभर मी यांच्यासाठी जागायचं आणि या घरात मला एवढाही मान मिळू नये?
परिणाम : तांब्या.

आता पहिला विचार सोडला तर बाकीचे दोन दिवे कशाला जोडलेले आहेत? सुनेच्या मनाला नाहीत. नानांच्या भीतीला जोडलेले आहेत. आणि एलिस ज्या शब्दाला पकडायचे तो शब्दही इथे आहे. "मान मिळाला तर बरं" ही इच्छा झाली. "मान मिळालाच पाहिजे" हा हट्ट झाला. या 'च'नं केलेलं नुकसान मी अनेक घरांत पाहिलंय. "पोरानं ऐकलंच पाहिजे", "मला जमलंच पाहिजे", "लोकांनी नावं ठेवताच कामा नये". इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही तर भांडी फुटतात.

नानांना ही झडपेची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी जागेवर जाऊन झडप बघितलीच नाही." कंट्रोल रूममध्ये मीटर विचित्र दाखवू लागला तर ते सहकाऱ्याला जागेवर पाठवून बघायला सांगतात. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं.

६. पखवाज

मानवतावादी दृष्टीविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण ती चांगली असली तरी मोजमापात कच्ची आहे. वर्तनवादी माणसाला सवयींचा गठ्ठा करतात आणि फ्रॉइड दडपलेल्या वासनांचा, अशी तक्रार घेऊन विसाव्या शतकाच्या मध्यावर मास्लो आणि कार्ल रॉजर्स पुढे आले. मास्लोनं १९४३ साली माणसाच्या गरजा मांडल्या. अन्न-पाणी, सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि सगळ्यांत शेवटी आपल्यात जे आहे ते फुलवणं. रॉजर्सचं सांगणं असं, की समोरच्यानं अटी न घालता आपल्याला स्वीकारलं की माणूस आपोआप वाढीला लागतो.

नाना वसाहतीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. फिरत्या पाळीमुळे एकादशी कधी कामात जायची, कधी झोपेत. हळूहळू मंडळानं दुसरा वादक शोधला. नानांचा पखवाज माळ्यावर गेला. हे त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही, नानींनी सांगितलं.

७. तो तापट, मी दमलेली

आत्तापर्यंतच्या दृष्टी मुख्यतः नानांकडेच पाहत होत्या. सामाजिक दृष्टी बाहेर येते आणि विचारते, हा माणूस कुठे उभा आहे? कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींतून मिळून येतं, एकट्या माणसातून येत नाही.

आणि इथेच नानींच्या वाक्याचा उलगडा होतो. ली रॉस यांनी १९७७ साली आपल्या एका सवयीला नाव दिलं. ती सवय अशी : दुसरा चिडला की आपण त्याची परिस्थिती पाहत नाही, म्हणतो तो तापट आहे. तिच्याच जोडीची दुसरी सवय : आपण चिडलो की म्हणतो दमलेली होते, ऊन होतं, आधीच उशीर झालेला. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण स्वभाव, आपल्या वागण्याचं कारण परिस्थिती. 'स्वभाव' हा शब्द अनेकदा कारण सांगत नाही. कारण शोधायचं जिथे थांबलो, तिथे लावलेली ती पाटी असते.

पण हा दोष सगळीकडे सारखा नाही. जोन मिलर यांनी १९८४ साली शिकागो आणि म्हैसूर इथल्या माणसांना ओळखीच्या लोकांचं वागणं समजावून सांगायला लावलं. अमेरिकेतली मोठी माणसं स्वभावाकडे बोट दाखवत होती, म्हैसूरची परिस्थितीकडे आणि नात्यांकडे. लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर तो वाढत गेला. म्हणजे कुठे पाहायचं हेही आपण आपल्या समाजाकडून शिकतो. म्हणून मानसशास्त्राचे सगळे निष्कर्ष जसेच्या तसे घेऊ नयेत. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की नामांकित नियतकालिकांतल्या प्रयोगांत भाग घेणारी सुमारे ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतली होती. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा १२ टक्के.

८. देवळालीचा ताप

एकाच दृष्टीनं माणसाला पाहिलं की काय होतं, याचा एक धडा नाशिकरोडच्या पलीकडेच आहे.

देवळालीला इंग्रजांनी १८६१ साली लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सोजीर इथे यायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहायचे. जहाजं सुटायची ती मुंबईहून, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तर त्यानं पुढचा हिवाळा येईपर्यंत थांबायचं. काम नाही. कवायत नावापुरती. बाहेर ऊन, मग पाऊस. दारू आणि बाजार हाताशी. काही भांडणात अडकून शिक्षा भोगत, काही विचित्र वागू लागत, काहींनी जीव दिला. इंग्रजी सोजिरांच्या तोंडी त्याला नाव पडलं 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडमध्ये डोकं फिरलेल्या माणसाला डुलाली म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला बहुधा माहीत नसतं की हे नाशिकजवळच्या एका गावाचं नाव आहे. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय झालं आणि मग आपणही "याला ठाण्याला पाठवा" म्हणू लागलो. गावाचं नाव घेतलं की माणसाविषयी विचार करायचा राहून जातो, तो असा.

एवढ्या चांगल्या हवेच्या गावात, जिथे पुढे लोक मुद्दाम प्रकृती सुधारायला येऊन राहिले, तिथे धडधाकट तरुण बिघडत होते. त्यांना डुलाली म्हणून मोकळं होणं सोपं होतं. शरीराकडे पाहिलं तर हिवताप आणि दारू होतीच. वर्तनवादी सांगेल, वर्षानुवर्षं बिगुलावर उठणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाचा बिगुलच बंद झाला. विचारांकडे पाहणारा म्हणेल, "आपल्याला विसरले" हा दिवा लागला होता आणि तो विझवणारं पत्र महिनोन्महिने येत नव्हतं. पण मला विचाराल तर यातला सगळ्यांत मोठा हात कुणाच्याच डोक्यात नव्हता, जहाजाच्या वेळापत्रकात होता. वेळापत्रक बदललं असतं तर डुलाली हा शब्दच जन्माला आला नसता.

वाट पाहणं ही गोष्ट एकलहऱ्याला नवी नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभे राहिलेले पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. २१० मेगावॅटचे तीन संचही म्हातारे झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच येणार, हे इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं ऐकलंय, त्यासाठी आंदोलनंही केलीत. केंद्र राहील की जाईल, मुलाला इथे लागेल की बाहेर जावं लागेल, चहाच्या टपरीपासून आसपासच्या गावांपर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात ते असतं. नानांची चिडचिड मोजताना हे वाट पाहणंही मोजायला हवं.

९. सुनेचा प्रश्न

नानांच्या घरी पुढे तीन गोष्टी झाल्या. खिडकीला काळा कागद लागला. चटणी संध्याकाळी पाचनंतर वाटायची असं ठरलं, आणि हे नानांनी स्वतः सुनेला विचारून ठरवलं. पखवाज माळ्यावरून खाली आला, वाजवला अजून फारसा जात नाही, पण शाई पुन्हा भरून आणलीय. राग गेला नाही. कमी झालाय, असं नानी म्हणतात.

हे सगळं मी एकदा वसाहतीतल्या बायकांच्या बैठकीत सांगितलं. शरीर, सवय, दडपलेला राग, दिवा आणि झडप, पखवाज, परिस्थिती. सगळ्यांनी माना हलवल्या. मागे दाराशी बसलेली एक सून हळूच म्हणाली, "ताई, हे नानांचं झालं. मिक्सर लावणारीचं काय?"

मी गप्पच झाले. एवढे सगळे भाग मांडताना ती मला स्वयंपाकघरात आवाज करणारी म्हणून दिसली होती, तेवढीच. तिच्या रागाला घरात 'स्वभाव' सुद्धा म्हणत नाहीत, 'तोंड करणं' म्हणतात. नवऱ्याची पाळी वेगळी, सासऱ्यांची वेगळी, मुलाची शाळा सकाळची. तीन वेळा डबा, तीन वेळा दार उघडणं. तिची पाळी कुठल्याच तक्त्यावर लागत नाही, म्हणून ती बदलतही नाही.

वहीचं नवं पान काढलं, तिला पुढे बोलावून शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. विचारलं, "काल किती तास झोपलीस?"

ती बोटांवर मोजू लागली.